पाकिटातलं पॅड थाई घरी केलं, नूडल्सचा गोळा झाला. कुठं चुकलं?

शहापूरची_लेक

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ बेंगळुरूहून येताना पॅड थाईची, म्हणजे थायलंडच्या परतलेल्या नूडल्सची, दोन खोकी घेऊन आला. प्रत्येक खोक्यात तीनच वस्तू होत्या. तांदळाच्या चपट्या सुक्या नूडल्स, तपकिरी सॉसची पिशवी आणि भाजलेल्या दाण्यांची छोटी पुडी. मागे लिहिलं होतं की नूडल्स उकळत्या पाण्यात ५ मिनिटं शिजवा, निथळा, सॉस घालून २ मिनिटं परता. मी घड्याळ लावून तेवढंच केलं. आम्ही घरात चौघं, म्हणून दोन्ही खोकी एकदमच काढली.

नूडल्स चाळणीत ओतून ठेवल्या आणि तोवर कांदा चिरला, गाजर चिरलं. परतून येऊन चाळणी कढईत पालथी केली तर चाळणीच्याच आकाराचा वाटोळा गोळा खाली पडला. कालथ्यानं सोडवायला गेले तर बोटभर लांबीचे तुकडे पडायला लागले. त्यात सॉस घातल्यावर सगळं खळीसारखं झालं. चवही नुसती गोड. आई म्हणाली, "शेवयाचा सांजा झालाय की गं." ती प्रेमानंच म्हणाली, पण मला फार वाईट वाटलं.

वाईट वाटायचं कारण म्हणजे दोन वर्षांपूर्वी चोर्ला घाटानं गोव्याला गेलो होतो, तेव्हा एका छोट्या हॉटेलात मी हे खाल्लं होतं. एकेक पट्टी सुटी, किंचित चिवट, वर दाण्यांची भरड आणि बाजूला लिंबाची फोड. पहिल्या घासाला आपल्या चिंच-गुळाच्या आमटीची आठवण झाली. तेव्हापासून घरी करायचं मनात आहे. आणखी दोन खोकी मागवली आहेत. ती तरी वाया जाऊ नयेत. कुणी नीट केलं असेल तर सविस्तर सांगा.

निपाणीकर

आमच्याकडंही अगदी हेच झालं होतं. धागा वाचत बसतोय.

कॅम्पातला_खानसामा

ताई, तुमचा हात चुकलेला नाही, खोक्यावरची ओळ चुकलेली आहे. मी १५ वर्षं हॉटेलच्या भटारखान्यात काम करतोय, त्यातली ४ चायनीज-थाईच्या शेगडीवर गेली. तांदळाच्या नूडल्स आम्ही उकळत नाही. भिजवतो, आणि तेही साध्या गार पाण्यात.

कारण असं. गव्हाच्या नूडल्सना आतून चिकाचा, म्हणजे ग्लुटेनचा, आधार असतो, त्या थोड्या जास्त शिजल्या तरी तग धरतात. तांदळात तो चीक नाही, नुसतं पिठूळ सत्त्व आहे. उकळत्या पाण्यात ते फुलतं, वरचा थर विरघळतो आणि पट्ट्या एकमेकींना चिकटतात. त्यात तुम्ही चाळणीत १० मिनिटं ठेवल्या. त्या वाफेवर त्या शिजतच राहिल्या आणि निवता निवता घट्ट बसल्या. गार पाण्यात मात्र पट्टी पाणी पिते, मऊ होते, पण शिजत नाही. न शिजलेली पट्टी चिकटत नाही. मग शिजवायचं काम कढईत, सॉसच्या आणि चार चमचे पाण्याच्या वाफेवर करायचं.

साधारण ३ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीला ३० ते ४० मिनिटं लागतात, ५ मिलिमीटरला तासाच्या आसपास. पण घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवा. एक पट्टी काढून तर्जनीभोवती गुंडाळा. न मोडता वळली पाहिजे. मग दातानं तोडा. मधोमध पांढरा, थोडा कचकचीत धागा दिसला पाहिजे. तो नसेल तर जास्त भिजली. डिसेंबरात आपल्याकडं नळाचं पाणी बर्फासारखं असतं, तेव्हा १०-१५ मिनिटं जास्त धरा किंवा पाणी किंचित कोमट घ्या. गरम नको.

दुसरी गोष्ट, चौघांचं एकदम कधीच करू नका. हॉटेलातल्या शेगडीच्या जाळापुढं घरचा गॅस फार मंद. कढई भरली की ती थंड पडते, पाणी सुटतं आणि परतायच्या ऐवजी उकडायला लागतं. एका वेळी दोन ताटं, त्याहून जास्त नाही. चार माणसं असतील तर दोनदा करा. एका घाण्याला ५ मिनिटंही लागत नाहीत.

खानापूर_रान

वरचं वाचून आईच्या तांदळाच्या शेवया आठवल्या. आमच्याकडं दिवाळीच्या आधी शेवगा, म्हणजे शेवया पाडायचा साचा, काढायचे. पिठाची उकड काढायची, तिचे मुटके उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि गरम असतानाच दाबायचे. एकजण शेवगा धरायचा, दुसरा दाबायचा. खाली केळीच्या पानावर शेवया पडल्या की आई कुणाला हात लावू द्यायची नाही. "निवू दे, मग सुट्या होतील." गूळ घातलेल्या नारळाच्या रसासोबत खायचो.

आई तांदूळ मात्र जुनाच घ्यायची. नव्या तांदळाच्या शेवया चिकटतात म्हणायची. थाई नूडल्सनाही तसाच, शिजून मोकळा राहणारा तांदूळ लागतो. ज्या तांदळात अमायलोज नावाचं सत्त्व जास्त, त्याचा भात मोकळा. इंद्रायणीचा भात गुरगुटतो, कारण तिच्यात ते कमी. थायलंडच्या ईशान्य भागात रोज खातात त्या चिकट तांदळात तर ते जवळजवळ नसतंच, त्याच्या नूडल्स कुणी करत नाही. तेव्हा ताई, तुमच्या आईंना शेवया आठवल्या ते बरोबरच आहे. जात एकच आहे. आपली शेवई आधी शिजते आणि मग दाबली जाते, त्यांची पट्टी वाफवून, कापून वाळवतात.

अनगोळ_अक्का

माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्याकडं श्रावणात मांस-मासे काहीच चालत नाही, आणि शेजारच्या लिंगायत कुटुंबाचं आमच्याकडं रोजचं येणंजाणं, देणंघेणं. त्यांच्या मुलीला मी हे खाऊ घालणार होते. सॉसची पिशवी फोडल्यावर वास वेगळा आला म्हणून बारीक अक्षरं वाचली, तर त्यात माशाचा सॉस होता. खोक्याच्या पुढच्या बाजूला नुसत्या भाज्यांचं चित्र. नशीब, आधी वाचलं.

तर सगळ्यांना सांगते, चित्रावर जाऊ नका. हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका असेल तर शाकाहारी. तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण असेल तर नाही. बाहेर देशातून आलेल्या खोक्यावर आपल्याकडची चिठ्ठी वरून चिकटवलेली असते, खूण तिच्यावर शोधायची. घटकांच्या यादीत फिश सॉस, ॲन्कोव्ही, श्रिम्प, ऑयस्टर यांतला एकही शब्द असला तरी पिशवी बाजूला ठेवा. आणि हे दाण्याचं पक्वान्न आहे, पाहुण्यांत कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का ते विचारल्याशिवाय ताट पुढं करू नका.

शाकाहारी करायचं तर त्या सॉसच्या जागी काय घालावं?

कॅम्पातला_खानसामा

अक्का, फिश सॉसचं मुख्य काम खारटपणा आणि खोल चव देण्याचं. पातळ सोया सॉस आणि चिमूटभर मीठ घाला. दाट काळा सोया नको, सगळं काळं होतं आणि चव चायनीजकडं जाते. चव हुबेहूब येणार नाही, पण ताट चांगलं होईल.

निपाणीकर

मी नूडल्सपेक्षा सॉसवर जास्त वेळ घालवलाय, त्यामुळं त्याबद्दल लिहितो.

किटमधला सॉस गोड असतो, कारण साखर स्वस्त आणि चिंच महाग. माझ्याकडच्या पिशवीवर घटकांत पहिला शब्द साखर होता, चिंच चौथी. जे जास्त ते यादीत आधी लिहितात, एवढं बघितलं तरी चवीचा अंदाज येतो. तो सॉस फेकायची गरज नाही. अर्धाच वापरा आणि त्यात घरचा चिंचेचा दाट कोळ घाला.

पण खरं सांगायचं तर सॉस घरीच करा. आपल्या फडताळात नाही असं त्यात काय आहे? चिंच, गूळ, तिखट. लिंबाएवढी चिंच अर्धी वाटी कोमट पाण्यात २० मिनिटं भिजवा, कुस्करा, गाळा. पाण्यासारखा नको, चमच्याला चिकटेल असा कोळ हवा. दोन ताटांना म्हणजे १५० ग्रॅम सुक्या नूडल्सना ३ मोठे चमचे कोळ, अडीच मोठे चमचे किसलेला गूळ, २ मोठे चमचे फिश सॉस. मंद आचेवर गूळ विरघळेपर्यंतच ठेवायचं. चाटून बघा. आधी आंबट, मग गोड, शेवटी खारट लागलं पाहिजे, आणि नुसतं चाटताना ते जरा जास्तच जोरकस वाटलं पाहिजे, कारण नूडल्सना स्वतःची चव नाही. फिश सॉस घातला की वरून मीठ अजिबात नको.

तिकडं ताडा-माडाचा फिकट गूळ घालतात. मी गोव्याहून आणलेला माडाचा काळा गूळ घालून पाहिला. त्याला धुराचा जोरकस वास असतो, चिंच मागं पडते. आपला पिवळा उसाचा गूळच बरा, काळपट असेल तर थोडा कमी. आणि चिंच जुनी काळी असेल तर रंग गडद येतो, त्यात बिघडत काही नाही.

तिखटाला संकेश्वरी मिरची. भाजून भरड कुटायची आणि कढईत न घालता ताटात वरून भुरभुरायची. ब्याडगीनं रंग छान येतो पण इथं रंग नकोय, झणका हवाय.

वडगावची_वहिनी

मी तर मोहरी, कढीपत्ता, हळद घालून फोडणी दिली, वरून ओलं खोबरं. मुलांनी ताटं चाटून पुसली. यात वाईट काय?

निपाणीकर

वहिनी, वाईट काहीच नाही. पण तो शेवयांचा उपमा झाला, पॅड थाई नाही. कढीपत्त्याचा वास एकदा तेलात उतरला की चिंच आणि लसूण दोन्ही त्याच्या मागं जातात. मुलांना आवडतं तर तेही करा, हेही करा, फक्त एकाच कढईत नको.

वडगावची_वहिनी

पटलं. पण मग दाण्याचा कूट तरी आपल्यासारखाच ना? मी मिक्सरमधून बारीक काढून सॉसमध्येच घातला होता.

कॅम्पातला_खानसामा

नको वहिनी. गोळा व्हायचं अर्धं कारण तिथंच असतं. बारीक कूट सॉसमधलं पाणी ओढून घेतो आणि सगळ्याची चटणी होते. दाणे मंद आचेवर डाग पडेपर्यंत भाजा, सालं काढा, खलबत्त्यात दोन-तीन ठोके द्या. एका दाण्याचे चार-पाच तुकडे झाले की थांबा. अर्धी भरड शेवटच्या क्षणी कढईत, अर्धी ताटात. दाताखाली आली पाहिजे. किटमधली पुडी बहुतेक मऊ पडलेली असते, ती तव्यावर मिनिटभर गरम करून घ्या.

दूरदेशीचा_बेळगावकर

मी कामानिमित्त ३ वर्षं बँकॉकला होतो, म्हणून थोडं तिकडचं. त्यांच्या भाषेत 'फाट' (आपण लिहितो ते 'पॅड') म्हणजे परतणं. पूर्ण नाव 'क्वेइतिआव फाट थाई', म्हणजे थाई पद्धतीनं परतलेल्या नूडल्स. नावातच 'थाई' सांगावं लागलं, कारण नूडल्स आणि त्या मोठ्या आचेवर परतायची रीत तिकडं चिनी लोकांबरोबर आली. १९३८ ते १९४४ या काळात प्लेक पिबूनसोंग्क्राम पंतप्रधान होते. १९३९ मध्ये त्यांनीच सियामचं नाव थायलंड केलं. सगळ्यांनी आपलं राष्ट्रीय म्हणून काही एक खावं, ल्यावं, बोलावं असा त्यांच्या सरकारचा आग्रह होता, आणि हा पदार्थ त्याच काळात पुढं आणला गेला. म्हणजे आपल्या पुरणपोळीसारखा तो पिढ्यान्‌पिढ्यांचा नाही, शंभर वर्षंही झालेली नाहीत. दाणा आणि मिरची तर दोघांकडंही अमेरिका खंडातून आलेली.

आपण बेळगाव भागातली, सीमेवरची माणसं. घरात एक भाषा, दुकानाच्या पाटीवर दुसरी. एखाद्या गावाचं किंवा पदार्थाचं नाव सरकार ठरवतं तेव्हा काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. पण तिथल्या गाडीवर उभं राहून खाताना मला कधी ते नाव आठवलं नाही. गाडीवाली आजी समोर एक ताट करायची, एकच, आणि ते दिल्यावर दुसऱ्याला हात घालायची. खानसामा म्हणतात ते खरं आहे.

तिथं ताट हातात आल्यावरही काम संपत नाही. टेबलावर चार भांडी असतात. साखर, भाजक्या मिरचीची पूड, फिश सॉसमध्ये बुडवलेली मिरची आणि व्हिनेगरमधली मिरची. बाजूला लिंबाची फोड, मुगाचे कच्चे लांब मोड, लसणीच्या पातीसारखी दिसणारी चपटी पात, कधी केळफुलाचा तुकडा. ज्यानं त्यानं आपली चव लावून घ्यायची. आपण वरणभातावर लिंबू पिळतो, तूप घेतो, तसंच. म्हणून कढईतच शंभर टक्के चव आणायच्या मागं लागू नका.

शहापूरची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुसरा प्रयत्न केला, लगेच लिहिते.

नूडल्स १२ वाजता गार पाण्यात घातल्या. पाऊस पडतोय, हवा गार, त्यामुळं ३० मिनिटांनी पट्टी बोटाभोवती वळायच्या आधीच मोडली. ४५ व्या मिनिटाला वळली. तोडून बघितली तर मधे सुईच्या टोकाएवढा पांढरा धागा. हा धागा मला दिसला तेव्हा सगळं समजलं असं वाटलं. तो पुसला जायच्या आत त्या कढईत जायला हव्यात, एवढंच या कामाचं मर्म आहे.

पाणी पूर्ण निथळलं. सगळं आधीच ओट्यावर वाट्यांत मांडून ठेवलं, कारण मागच्या वेळी चिरता चिरताच घात झाला. बिडाची कढई धूर यायच्या बेतापर्यंत तापवली, २ चमचे शेंगतेल, ठेचलेली लसूण आणि बारीक कांदा. आई मासे खात नाही म्हणून तिच्या घाण्यात पनीर आणि सोया सॉस. भावाच्या घाण्यात सुके सोडे, आधी १० मिनिटं भिजवून तेलात कुरकुरीत केलेले. मग नूडल्स आणि ३ चमचे पाणी. चर्रर झालं, वाफ आली आणि मिनिटाभरात पांढऱ्या पट्ट्या काचेसारख्या झाल्या. तेव्हा सॉस. निपाणीकरांचं प्रमाण, घरची चिंच, बाजारातला गूळ. पिशवीतला सॉस वापरलाच नाही. पट्ट्यांनी सॉस पिऊन टाकला आणि कढईचा तळ कोरडा झाला. भावाच्या घाण्यात नूडल्स एका बाजूला सारून रिकाम्या जागेत अंडं फोडलं, अर्धं गोठल्यावर मिसळलं. शेवटी कांद्याची पात, मोड, दाण्यांची भरड.

सुट्या झाल्या! एकूण एक पट्टी सुटी. आई पहिल्यांदा काही बोलली नाही. मग म्हणाली, लिंबू दे. मी दिलं. दुसऱ्यांदा ताट पुढं केलं तेव्हा म्हणाली, "आज चिंच बरोबर पडलीय."

दोन अडचणी राहिल्या. एक, कढईत थोडं राहिलं होतं ते तासाभरानं काळपट आणि लोखंडाच्या वासाचं झालं. दोन, माझे मोड आपल्या उसळीसारखे आखूड आणि कच्चट लागले, पातळ लांब आलेच नाहीत.

कॅम्पातला_खानसामा

वा ताई, जिंकलात. बिडाच्या कढईत चिंच ठेवायची नाही, झालं की लगेच ताटात काढा आणि कढई धुऊन तेलाचा हात फिरवा. नॉनस्टिक वापरणाऱ्यांनी ती रिकामी मोठ्या आचेवर तापवू नये, मध्यम आचेवर थोडा जास्त वेळ द्यावा. दुसऱ्या दिवशीसाठी उरलंच तर ताठ होतं, थोडं पाणी शिंपडून कढईत परता, पुन्हा मऊ येतं.

अनगोळ_अक्का

पनीरचे तुकडे मोडले नाहीत का?

शहापूरची_लेक

अक्का, आधी वेगळे तांबूस तळून काढून ठेवले आणि शेवटी घातले. तरी पनीरला दुधाचा वास राहतोच. पुढच्या वेळी टोफू आणून, कापडात गुंडाळून वर पाटा ठेवून पाणी काढून घेणार आहे.

खानापूर_रान

मोडांचं मी सांगतो. आपण फडक्यात बांधून एका दिवसात काढतो, त्यामुळं आखूड. लांब हवे असतील तर मूग रात्रभर भिजवा, सकाळी भोकाच्या भांड्यात एकाच थरात पसरा, वर ओलं फडकं, त्यावर ताटली आणि ताटलीवर वजन. माझ्याकडं पाणी भरलेला तांब्या असतो. भांडं पूर्ण अंधारात ठेवा, कपाट चालतं. दिवसातून ३-४ वेळा वरून पाणी घालायचं, ते खालून निघून गेलं पाहिजे, साठलं तर कुजतं. ४-५ दिवसांत बोटाएवढे, जाड, पांढरे मोड येतात. वजनामुळं ते जाड होतात, अंधारामुळं पांढरे राहतात. उजेड लागला की हिरवे आणि कडवट.

वडगावची_वहिनी

आणि मुळ्याचं काय? कुठंतरी वाचलं की खारवलेला मुळा घालतात.

दूरदेशीचा_बेळगावकर

घालतात, गोडसर-खारट, बारीक चिरून. आपल्याकडं मिळणं कठीण. मी पांढरा मुळा बारीक चिरून, मीठ लावून, पिळून, एक दिवस उन्हात वाळवतो आणि चिमूटभर गुळासोबत परततो. पावसात ऊन नसेल तर सोडून द्या, त्याच्यावाचून अडत नाही.

शहापूरची_लेक

भावाला फोन करून सांगितलं की आता खोकी आणू नकोस, नुसत्या ३ मिलिमीटरच्या तांदळाच्या नूडल्स आण. बाकी सगळं शहापुरातच मिळतंय. आजच मूग भिजत घातलेत, वर तांब्या ठेवलाय, भांडं देवघराखालच्या कपाटात आहे. शुक्रवारपर्यंत मोड लांब आले तर इथं फोटो टाकते.